दोन रिंगा

आमच्या भागात काम बिघडलं की 'हात चुकला' म्हणायची रीत आहे. माणूस चुकला असं पटकन कुणी म्हणत नाही. भाकरी फुगली नाही, हात चुकला. बैलाला पत्री ठोकताना खिळा मांसात गेला, हात चुकला. जणू हात म्हणजे घरातलाच एखादा वांड पोरगा. त्याला रागवायचं, दोन धपाटे घालायचे, पण घराबाहेर काढायचं नाही. लहानपणी मला ही पळवाट वाटायची. आता पासष्टी जवळ आल्यावर वाटतं, की आपल्या आधीच्या माणसांनी हाताची चूक आणि नियत फिरणं यांचे दोन वेगळे कप्पे केले होते. हात चुकला तर शिव्या खायच्या आणि काम पुन्हा करून द्यायचं. नियत फिरली तर मात्र चार माणसांत बोलावणं यायचं.

पण ही वाटणी चालते कुठं? जिथं हात कुणाचा ते ठाऊक आहे तिथं. एका कामाला दहा हात लागले, त्यातला एक कामाला, एक हाक मारायला, एक सही करायला, एक पैसे मोजायला, तर मग चुकला कुठला? हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. ट्रॅक्टरच्या पोटाखाली उताणं पडून पडलाय.

दोन वर्षांपूर्वीचा जून. आमचा ट्रॅक्टर पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा. घेऊन तीन वर्षं झालेली, बँकेचे हप्ते चालूच होते. तासांचं मीटर साडेसातशेला आलेलं. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय की दर अडीचशे तासांना इंजिनचं ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. गावातला मिस्त्री हे काम निम्म्या मजुरीत करतो. तरी आम्ही तालुक्याच्या शोरूमला नेतो, कारण वॉरंटी. पुस्तकावर त्यांचा शिक्का नसला आणि उद्या इंजिनाला काही झालं, तर आपलं कोण ऐकणार? म्हणजे आपण तिथं जातो ते त्यांच्या हातावर विश्वास आहे म्हणून नाही, शिक्क्यासाठी जातो. हे आधीच सांगून ठेवतो, पुढं उपयोगी पडेल.

शनिवार होता. मृग तोंडावर आलेला, म्हणून सगळ्यांनी एकदमच ट्रॅक्टर आणलेले. मी मोजले, चौदा होते. आमच्या ट्रॅक्टरला एक पोरगा लागला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल, आयटीआय झालेला, मिशी नुकतीच फुटलेली. मी माझ्या सवयीनं शेजारी उकिडवा बसून बघत राहिलो. पोराचा हात चांगला होता, हे मी आवर्जून लिहितो. चेंबरचा नट खोलला, काळं ऑइल टपात सोडलं, नटाचा जुना वायसर फेकून नवा घातला. बरेच जण तो जुनाच घालतात. एअर फिल्टर झटकून नीट पुसला. मग पट्ट्याच्या पान्यानं ऑइल फिल्टरचा डबा सैल केला, हातानं फिरवून काढला आणि टपात टाकला. तेवढ्यात सुपरवायझरनं हाक मारली. कुणा मोठ्या गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर आला होता, त्याची लिफ्ट उचलत नव्हती. "ते सोड, आधी हे बघ." पोरगा म्हणाला, "सर, पाच मिनिटं, फिल्टर बसवतो." सर म्हणाले, "ऐकू येत नाही का?"

पोरगा उठून गेला. अर्ध्या तासानं परत आला. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला बोटानं ऑइल लावलं, डबा हातानं फिरवून घट्ट केला, साडेसात लिटर नवं ऑइल ओतलं, इंजिन चालू केलं. लाल दिवा विझला. खाली थेंब नाही. मग एक कागद आला, त्याला जॉब कार्ड म्हणतात. त्यावर बावीस कामं छापलेली आणि बावीसच्या बावीस कामांपुढं बरोबरच्या खुणा, एकाच पेनानं, एकाच झटक्यात, शाळेत मास्तर वही न वाचता तपासायचे तशा. खाली सुपरवायझरची सही. पोराचं नाव एका कोपऱ्यात बारीक अक्षरात.

रविवारी रात्री पाऊस झाला. शनिवारच्या आधीही दोन चांगल्या सरी येऊन गेल्या होत्या. सोयाबीनला पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं सांगतं. आमच्याकडं तेवढा झाला होता. मंगळवारी वाफसा आला. ज्यांनी शेती केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाफसा म्हणजे माती ना चिखल ना ढेकूळ, मुठीत दाबली तर गोळा होते आणि सोडली तर फुटते अशी अवस्था. काळ्या रानात ती दोन दिवस टिकते, फार तर तीन. वर ढग असले तर एकच.

थोरल्यानं सकाळी सहाला ट्रॅक्टर चालू केला, पेरणी यंत्र जोडलं आणि रानाकडं निघाला. पहिलं तास काढून दुसऱ्या वळणावर आला तर लाल दिवा लुकलुकला. पोरगा हुशार, त्यानं जागच्या जागी इंजिन बंद केलं. मी बांधावरून गेलो. ऑइलची पट्टी ओढून पाहिली तर खालच्या खुणेलासुद्धा ऑइल नव्हतं. मागं वळून बघितलं तर घराच्या अंगणापासून रानापर्यंत, ओल्या मातीवर, मधाच्या रंगाची एक रेघ. आणखी दोन मिनिटं इंजिन चाललं असतं तर बेरिंगं गेली असती, क्रँक गेला असता. म्हणजे वर्षभराचा हप्ता आणि वर तेवढाच खर्च.

नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. एक मुलगी गोड आवाजात बोलत होती. "काका, शनिवारच्या सर्व्हिसिंगबद्दल समाधानी आहात ना? दहापैकी किती गुण द्याल?" मी म्हणलं, "बाई, मी आत्ता तुमच्या ऑइलात उभा आहे." ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "काका, दहा द्या हं. नऊ दिले तरी इथल्या पोरांचं कटतं." तिला काय म्हणावं? खोटं बोला असं ती मला सांगत होती, आणि ते दुसऱ्याच्या पोटासाठी सांगत होती. मी फोन ठेवला. गुण दिले नाहीत.

शोरूमला फोन केला तर ते म्हणाले, दगड लागून चेंबर फुटला असेल, ते वॉरंटीत बसत नाही, तरी उद्या माणूस पाठवतो. मग आमच्या गावच्या मिस्त्रीला आणलं. शाळा चौथी. त्याला बघून मला नेहमी वाटतं की गुडघे टेकून काम करणाऱ्या माणसाला नमस्कार वेगळा करावा लागत नाही, त्याच्या समोर बसलं की आपलेच टेकतात.

गळती शोधायची त्याची रीत सांगण्यासारखी आहे. सगळ्यात आधी गळतंय ते काय आहे हे ओळखायचं. बोटावर घ्यायचं, चोळायचं, वास घ्यायचा. डिझेल पातळ असतं आणि वासानंच कळतं. रेडिएटरचं पाणी हिरवं नाहीतर लाल, चिकट, गोडसर वासाचं. लिफ्टचं आणि गिअरचं ऑइल मधासारखं आणि तसंच राहतं. इंजिनचं ऑइलही नवं असताना मधासारखंच असतं, डिझेल इंजिनात मात्र ते लवकर काळं पडतं. आमचं नुकतंच बदललेलं, म्हणून रंगावरून फसगत होण्यासारखी होती. थेंब पडत होते ते मागं, क्लचच्या खाली. तिथं थेंब दिसला की बहुतेक जण म्हणतात, इंजिनचं मागचं सील गेलं. आणि ते बदलायचं म्हणजे ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन तुकडे करायचे. मजुरीच काही हजारांत.

मिस्त्री म्हणाला, "आण्णा, थेंब पडतो तिथं बघायचं नसतं. पंख्याचा वारा ऑइलाला मागं ढकलतो. ओलं वरती कुठनं सुरू होतंय ते बघायचं."

त्यानं सगळं इंजिन डिझेलच्या फडक्यानं कोरडं पुसलं. खाली खताच्या पिशवीवर पांढरा पुठ्ठा अंथरला. दोन लिटर ऑइल घालून पट्टीवर खालच्या खुणेच्या वर आणलं आणि थोरल्याला म्हणाला, अर्धा मिनिट चालू कर आणि मी हात वर केला की बंद कर. दहा सेकंदांत फिल्टरच्या माथ्याशी एक ओली कड दिसली. मग पिचकारी. हात वर. त्यानं मला जवळ बोलावलं, थोरल्याला मोबाईलवर फोटो काढायला लावला आणि मगच डबा फिरवून काढला. एका डब्याला एक रिंग असते. इथं दोन होत्या. एक नवी, मऊ, एका बाजूनं बाहेर पिळवटून आलेली. तिच्यावर एक जुनी, चपटी, लाकडासारखी कडक.

झालं होतं असं. जुना फिल्टर काढला की कधी कधी त्याची रिंग उष्णतेनं इंजिनाच्या माथ्यालाच चिकटून राहते. काळ्यावर काळी, दिसत नाही. ती बोटानं चाचपून काढायची असते. काढलेल्या डब्यावर रिंग आली आहे का हे बघितलं तरी कळतं. न काढता नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकावर एक बसतात. त्या दिवशी धरतातही. पुढं थंड इंजिन चालू केलं की ऑइल घट्ट असतं, दाब जास्त येतो आणि रिंग बाजूला सरकते. म्हणून शनिवारी थेंब नव्हता आणि मंगळवारी रेघ होती.

म्हणजे पोरगा डबा टपात टाकून, त्यावर रिंग आली का हे बघायच्या आतच उठला होता. बघितलं असतं तर ती सुटली नसती. परत आल्यावर त्याच्या डोक्यात 'जुना काढलाय, आता नवा बसवायचा' एवढंच राहिलं असणार. मधला एक श्वासाचा टप्पा होता, तो त्या हाकेत गेला.

पेरणीचं पुढं लांबवत नाही. मिस्त्रीनं दुसरा फिल्टर बसवला, पण इंजिनात आत काही ओरखडलं का याची धास्ती होती, म्हणून ट्रॅक्टर उभा ठेवला. दुसऱ्याचा ट्रॅक्टर एकरी बाराशेनं लावून चार एकर उरकलं, तेही त्याची रानं झाल्यावर, बुधवारी संध्याकाळी. रात्री पाऊस आला. दीड एकर राहिलं ते राहिलंच, तिथं पुढं तुरीवर भागवलं.

गुरुवारी थोरला आणि मी दोन्ही रिंगा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शोरूमला गेलो. मॅनेजर सभ्य माणूस. चहा मागवला, रिंगा बघितल्या, फोटो बघितला, वाद घातला नाही. म्हणाला, "काका, चूक आमचीच. ऑइल, फिल्टर, इंजिनची तपासणी सगळं फुकट करून देतो. पुढची सर्व्हिसिंगही फुकट. फक्त एक कागद लिहून द्या, की अमुक मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळं असं झालं. त्याच्या पगारातून आम्ही वसूल करू आणि त्याला समजही देऊ. आमच्याकडं असल्या गोष्टी चालत नाहीत."

पोरगा दाराशी उभा होता. हात पुसायचं फडकं दोन्ही हातांत धरून.

आता इथं माझ्यापुढं जे होतं ते लहान नव्हतं. नाव लिहिलं तर ते नाव खोटं नव्हतं. रिंग त्याच्याच हातून राहिली होती. आणि थोरल्याचं म्हणणं तेच होतं. तो मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "आप्पा, नाव लिहा. दया दाखवायची जागा ही नाही. उद्या दुसऱ्या कुणाचं इंजिन जाईल. त्याच्या बापाला लाखभराचा फटका बसेल, मग?" हे मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या मुलाचं म्हणणं पुष्कळ लोकांपेक्षा सरळ आहे. ज्याची चूक आहे त्याला ती कळली पाहिजे, नाहीतर जग दुरुस्त कसं होणार?

पण मला आठवत होती ती हाक. आणि मला दिसत होतं की त्या कागदावर हाक कुठंच येणार नव्हती. बावीस खुणा करून सही करणारा येणार नव्हता. एका दिवसात चौदा ट्रॅक्टर तीन पोरांवर टाकणारा येणार नव्हता. सगळं वरून ओघळत ओघळत त्या पोरावर येऊन थेंब व्हायचं आणि आम्ही सगळे त्या थेंबाकडं बोट दाखवून मोकळे होणार.

मी आत गेलो, कागद घेतला आणि माझ्या दहावीच्या अक्षरात लिहिलं. शनिवारी मी स्वतः शेजारी बसून बघितलं. मेकॅनिकनं फिल्टर काढला. काम अर्धं असताना सुपरवायझरनं त्याला दुसऱ्या ट्रॅक्टरवर बोलावलं. मेकॅनिकनं पाच मिनिटं मागितली, ती दिली नाहीत. परत आल्यावर त्यानं नवा फिल्टर बसवला, जुनी रिंग राहून गेली. काम न तपासता जॉब कार्डावर बावीस खुणा करून सही झाली. खाली माझी सही, तारीख.

मॅनेजरनं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, एवढं कशाला? फक्त नाव आणि चूक लिहा." मी म्हणलं, नाव तुमच्या कार्डावर आहेच. मी बघितलं ते लिहिलं. हे घेत नसाल तर हाच कागद जिल्हा ग्राहक आयोगाकडं देतो.

हे मी धमकी म्हणून बोललो नाही, मला माहिती होती. 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, 24 डिसेंबर हा त्याचा दिवस म्हणून पाळतात. नवा कायदा 2019 चा, तो 20 जुलै 2020 पासून लागू आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला तो लागत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरायला यंत्र घेतलेला माणूस त्यात ग्राहकच धरला जातो. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कायद्याची भाषा मला एका बाबतीत आवडते. तिथं 'सेवेतील त्रुटी' असा शब्द आहे. कुणाचा हात, हे तो पहिल्यांदा विचारत नाही. पैसे कुणी घेतले आणि सेवा कुणी द्यायची होती, हे विचारतो. पण त्याच भाषेची अडचण अशी, की पोराला तीन मिनिटं का मिळाली नाहीत याचं उत्तर तिच्याकडंही नाही.

कागद घेतला. पोच दिली. ऑइल, फिल्टर, तपासणी झाली, इंजिन सुखरूप निघालं. भाड्यानं केलेल्या पेरणीचे अठ्ठेचाळीसशे रुपये मात्र दिले नाहीत, ते 'धोरणात बसत नाही' म्हणाले. त्यासाठी सोलापूरला हेलपाटे घालायचे नाहीत असं घरात ठरलं. मंडळी म्हणाली, "अठ्ठेचाळीसशे गेले ते गेले. कुणाच्या लेकराचा पगार खाऊन आलेले नकोत." पुढं थोडं थांबून म्हणाली, "पण दीड एकर राहिलं त्याचं काय, ते कुणी सांगायचं?" तिनं दोन्ही बाजू एका दमात बोलून टाकल्या, मला मात्र एवढी पानं लागतायत.

मला यावरून आमच्या गावचा सुतार आठवतो. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. तेव्हा रब्बीची ज्वारी पाभरीनं पेरायचे. पाभरीच्या चाड्याला भोकं असतात, त्यातून नळ्यांत बी उतरतं. त्या वर्षी सुतारानं चाडं नवं करून दिलं आणि एक भोक बारीक पडलं. पेरताना कळलं नाही. उगवल्यावर सगळ्या रानात दर चौथी ओळ विरळ. आणि ते रान पांदीच्या कडेला. चार महिने सगळं गाव ती ओळ बघत ये-जा करत होतं आणि सुतारही त्याच पांदीनं रोज जायचा. एके दिवशी तो स्वतः आमच्या वाड्यात आला आणि वडिलांना म्हणाला, "माझाच हात चुकला." खळ्यावर बलुतं घ्यायला आला तेव्हा नेहमीच्या निम्म्या पेंढ्या उचलल्या. वडिलांनी हाक मारून बाकीच्या घ्यायला लावल्या.

ही गोष्ट ऐकली की लोक म्हणतात, बघा, कशी जुनी माणसं. मी तसं म्हणत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे 1915 चं पुस्तक मी वाचनालयातून आणून दोनदा वाचलंय. आत्रे महसूल खात्यात नोकरी केलेले, गावं हिंडलेले. बलुत्याच्या रीतीत कुणी कुणाला कसं ओढत होतं हे त्यांनी गोडवा न लावता लिहिलंय. त्यांची नजर बरीचशी कुणब्याच्या बाजूची आहे. मी दुसऱ्या बाजूचंही बघितलंय. आमच्या वडिलांनी पेंढ्या दिल्या, पण दुसऱ्या एका बड्या घरात तोच सुतार खळ्याच्या कडेला उन्हात ताटकळत उभा राहिलेला मी पाहिलाय, आणि त्याला काय काय ऐकावं लागायचं तेही. 'हात चुकला' म्हणायला तो आला तो फक्त मोठ्या मनानं नाही, त्याला दुसरीकडं जायला जागाच नव्हती. त्याचा मुलगा पुण्याला कारखान्यात गेला, तो बरंच केलं.

तरी एक गोष्ट राहतेच. सुताराला ती ओळ दिसत होती. चूक करणारा, चूक बघणारा आणि जाब देणारा एकच माणूस होता. शोरूममध्ये त्याचे तीन तुकडे झाले. चूक पोरानं केली, बघितली मी आणि मिस्त्रीनं, अठरा किलोमीटरवर, आणि जाब द्यायला बसला तो मॅनेजर, ज्यानं पाना कधी हातात धरला नसेल. आपल्या कामाचं पुढं काय झालं हे ज्याला दिसतच नाही, त्याचा हात सुधारणार कशानं? पगार कापून? पगार कापल्यावर माणूस काळजी घ्यायला शिकतो की लपवायला शिकतो?

याचं उत्तर मला त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मिळालं, आणि ते माझ्या सोयीचं नव्हतं.

बार्शीच्या बाजारात तो पोरगा भेटला. शोरूम सोडली होती. एका खाजगी गॅरेजात लागला होता. मला बघून स्वतःहून आला, पाया पडला. चहा घेतला. माझ्या कागदानंतर आठवडाभर सुपरवायझरनं त्याला बोलू दिलं नाही, पण पगार कापला नाही, असं म्हणाला. काही दिवस तिथं नियम झाला, की काढलेला फिल्टर रिंगेसकट गिऱ्हाइकाला दाखवायचा. पेरण्या जोरात आल्या आणि नियम गेला.

मग ग्लास खाली ठेवून म्हणाला, "काका, एक सांगू? मला त्याच रात्री आठवलं होतं. जेवताना. जुन्या डब्यावर रिंग बघितलीच नाही असं एकदम आठवलं."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. "मग फोन का नाही केलास बाबा? रविवार होता, सोमवार होता."

"तुमचा नंबर ऑफिसात असतो. ऑफिसात मागितला असता तर विचारलं असतं कशाला. वाटलं, कदाचित रिंग आली असेल डब्याबरोबर. आली असेल असंच धरून चाललो."

आता हे हाताचं राहिलं नाही. हात चुकला शनिवारी दुपारी. रात्री जेवताना जे झालं ते दुसऱ्या कप्प्यातलं. पण पूर्ण तेही नाही. नियत फिरलेला माणूस चार महिन्यांनी बाजारात गाठून हे सांगत नाही. त्याला कळलं होतं, सांगायची इच्छाही होती, आणि सांगण्याची किंमत त्याला रिंगेपेक्षा जास्त पडणार होती. सुताराला पांदीनं चालत आमच्या वाड्यात यायला शंभर पावलं लागली. याला अठरा किलोमीटर, एक ऑफिस आणि एक सुपरवायझर ओलांडून यायचं होतं. तरीही माझं चार एकर आणि इंजिन त्याच्या एका फोनवर होतं, हेही खरं. मला राग आला. मी तो त्याला दाखवला. "दोन दिवस होते तुझ्याकडं," एवढं म्हणलं. तो मान खाली घालून म्हणाला, "होय."

घरी येऊन थोरल्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबर होतं." मी म्हणलं, तुला हे गुरुवारी माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी जे बघितलं ते लिहिलं. आज विचारलं तरी हाकेचं वाक्य मी त्या कागदातून काढणार नाही. तो म्हणाला, "काढू नका. त्याच्या खाली रात्रीचंही लिहा." बोलणं तिथंच थांबलं, पण संपलं नाही. अजूनही ट्रॅक्टर धुताना, नाहीतर एखाद्याच्या डॉक्टरानं, वायरमननं, पुढाऱ्यानं काही घोळ घातला की तो मला विचारतो, "आप्पा, यात हाक कुणाची होती?" चेष्टेनं विचारतो, पण उत्तराची वाट बघतो.

त्या दोन रिंगा गोठ्याच्या खुंटीला एका तारेत अडकवून ठेवल्यात. नातवानं परवा जुनी रिंग काढून गाडा खेळायला घेतली होती, ती परत लावली. यंदा मीटर साडेबाराशेच्या जवळ आलंय. वॉरंटी अजून आहे, म्हणून शोरूमलाच न्यावं लागेल. थोरला म्हणतोय शनिवारी नको, मंगळवारी नेऊ, गर्दी कमी असते.